करंगळीपासून अंगठ्यापर्यंत

"बस अंगठ्याला गेली, म्हणून उशीर झाला," मासे कागदात गुंडाळता गुंडाळता लियेन म्हणाली. शुक्रवार होता, पर्च माशांसाठी रांग दारापर्यंत गेली होती, आणि माझा हात पर्समध्ये होता तिथेच राहिला. लियेनला व्हिएतनामहून अमेरिकेत, आमच्या एरीत येऊन सात महिने झाले असतील. तिने बेसबॉल पाहिलेला नाही, रेडिओवर ती फक्त गाणी ऐकते, आणि व्हर्नन हार्टलेब हे नाव तिला ठाऊक असण्याचं काही कारण नाही. "हे कुणी शिकवलं तुला?" मी विचारलं. "काय?" "अंगठ्याला गेली, हे." ती घाबरली. "चुकलं का माझं, मिसेस गोर्नी? सगळेच म्हणतात. हातातोंडाशी आलेलं निसटलं की अंगठ्याला गेलं." "चुकलं नाही गं, तसंच म्हणतात," मी म्हणाले आणि पुडकं घेऊन बाहेर पडले. सरोवराकडून वारा येत होता, माझ्या पायांना नेहमीच्या बसथांब्याकडे जायचं होतं, पण मी स्टेट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर उभी राहून स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत राहिले. दोन बोटं, पहिलं आणि मधलं, जराशी बाकलेली. सांधेदुखी, असं मी सगळ्यांना सांगते. अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणी जास्त विचारत नाही.

गावाला ठाऊक असलेली हकीकत अशी. व्हर्नचे आजोबा जवळच्या नॉर्थ ईस्ट नावाच्या गावी द्राक्षं लावायचे, आणि लहान व्हर्नला मांडीवर घेऊन त्याच्या डाव्या हाताच्या पंज्यावर बेसबॉलचं मैदान दाखवायचे. मनगट म्हणजे घर, जिथून फटका मारतात. करंगळी म्हणजे डावीकडची चुन्याची रेघ, अंगठा म्हणजे उजवीकडची, आणि मधली बोटं म्हणजे मैदानाची खोली. म्हणून आमच्या लँपलायटर्स संघाच्या सामन्यांची कॉमेंटरी करताना व्हर्न कधी डावीकडे-उजवीकडे म्हणत नाही. "करंगळीला गेला!" म्हणतो, "अंगठीला उंच उडाला!" म्हणतो, म्हणजे अंगठीच्या बोटाकडे, आणि चेंडू मैदानाबाहेरच गेला तर "पाचही बोटांपलीकडे!" अशी आरोळी ठोकतो. लोक सामन्याला येतानाही कानाशी ट्रान्झिस्टर धरून येतात आणि तो म्हणेल ते बोट वर करतात, आज्या, पाद्री, इंजिनांच्या कारखान्यातले फोरमन, सगळे. आमच्या मैदानात उजव्या रेघेच्या टोकाला स्कोअरबोर्डखाली एक खबदाड आहे. चेंडू त्यात शिरला की क्षेत्ररक्षकाला सापडेपर्यंत दोघे धावून घरी येतात, त्यामुळे अंगठ्याला गेला म्हणजे हातचा गेला. हळूहळू नोकऱ्या अंगठ्याला जायला लागल्या, मुलींची लग्नं जायला लागली, आणि आता लियेनची बस. फक्त मधलं बोट व्हर्नला वापरता येत नव्हतं. आमच्याकडे मधलं बोट वर करणं म्हणजे काय ते शाळकरी पोरालाही कळतं, आणि भर स्टेडियममध्ये पाद्र्यांनी ते वर केलं असतं तर रेडिओ स्टेशनला टाळंच लागलं असतं. म्हणून मैदानाच्या मध्यभागाला तो 'अंगठीचा शेजारी' म्हणतो. हे नाव मी सुचवलं होतं, तेवढं मी उघडपणे सांगत असे. बाकीचं झाकली मूठ होती.

त्याच दुपारी ती मूठ उघडायची वेळ आली. स्टेशनचा मॅनेजर फिल डिनिकोला आम्हा दोघांना ऑफिसात बोलावून, स्वतःच्या टेबलावर बसून, वाढदिवस असल्यासारखा हसत होता. "रविवारी तुमचा शेवटचा सामना, व्हर्न. अठ्ठावीस वर्षं! लोकांनी आवाज खूप ऐकला. आता चेहरा बघू दे की. टीव्हीवाले येतायत. एक कॅमेरा मैदानावर आणि एक थेट तुमच्या खोलीत. अख्खा सामना तुमच्यावर!" व्हर्न म्हणाला, "माझा चेहरा रेडिओसाठीच बनवलाय, फिल." डिनिकोला खो खो हसला. "डोलोरेस, तुम्ही पण दिसाल हं. केसबिस नीट करून या." मी म्हणाले, "मला कोण बघतंय? मी नुसती स्कोअर लिहिते." आणि हे बोलताना माझ्या तळहाताला घाम सुटला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असणार. जिना उतरताना व्हर्न माझ्या पुढे होता, कठड्याला धरून, पायऱ्या मोजत. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "टेबलावरून काहीतरी कापड सोडू खाली. जमिनीपर्यंत." मी म्हटलं, "संघाचा झेंडा लावू. शोभून दिसेल." तो म्हणाला, "तू आहेस म्हणून," आणि मग त्याच्या बायकोची, मार्जची, गाडी आली. व्हर्न गाडी चालवत नाही. गावात सगळ्यांना वाटतं तो आळशी आहे.

अडुसष्ट सालच्या जूनमध्ये एका संध्याकाळी त्याने सरळ समोर गेलेला चेंडू डावीकडे गेला म्हणून सांगितलं. पुढच्या इनिंगला पुन्हा. इनिंग संपल्यावर जाहिराती लागल्या तेव्हा त्याने माइक बंद केला आणि माझ्याकडे न बघता, म्हणजे माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत, म्हणाला, "डोलोरेस, मधेच भोक पडलंय गं. तुझ्याकडे पाहिलं की टोपी दिसते, खांदे दिसतात. मधे तू नाहीस." मी म्हणाले, "डॉक्टरला दाखव." "दाखवलं. वाढत जाणार म्हणाला. मार्जला सांगितलंय, आता तुला. तिसरं कुणी नाही. कडेकडेचं दिसतं, माणूस दिसतो, चेंडू नाही दिसत. बॅटचा आवाज आला की फटका कसा बसला ते कळतं. कुठे गेला ते कळत नाही." तो तेव्हा सेहेचाळीसचा होता, आणि आयुष्यात दुसरं काही करायला तो शिकलेला नव्हता. जाहिराती संपल्या. मला काही सुचलं होतं असं नाही. मी त्याच्या डाव्या बाजूला बसायचे, लिहायचे डाव्या हाताने, शाळेतल्या सिस्टर्सनी फूटपट्टी मारून मारून उजव्या हाताने लिहायला लावलं तरी मी डावखुरीच राहिले, आणि उजवा हात त्याच्या बाजूला मोकळा पडलेला असायचा. बॅटचा आवाज झाला, चेंडू डाव्या रेघेवरून सुटला, व्हर्नचं तोंड उघडं राहिलं, आणि ती गप्प राहण्याची भयंकर घटका, रेडिओवर शांतता म्हणजे काय ते रेडिओवाल्यालाच कळतं, तेवढ्यात मी टेबलाखाली त्याचा हात पकडला. हातात आली ती करंगळी. जोरात दाबली, अगदी दुखेल इतकी. आणि तो दचकून ओरडला, "करंगळीला! करंगळीला गेला!" का ओरडला ते त्यालाही सांगता आलं नसतं. दुखलं तिथलं नाव तोंडून निघालं, झालं. रात्री स्टेशनवर चाळीस फोन आले. करंगळी म्हणजे काय हो? दुसऱ्या दिवशी व्हर्नने आजोबा तयार केले. आजोबा होते खरे, द्राक्षंही होती, पण त्या माणसाने जन्मात बेसबॉलचा सामना पाहिला नव्हता. तो जर्मन बायबल वाचायचा आणि खेळणाऱ्यांना आळशी म्हणायचा.

तेव्हापासून दोघांच्या खुर्च्यांमध्ये एक उलटं खोकं, त्यावर घडी घातलेला टॉवेल, आणि टॉवेलवर व्हर्नचा डावा पंजा पालथा. अकरा उन्हाळे. पंजा पालथा घातला की मैदान समोर असतं तसंच पडतं, डावीकडे करंगळी, उजवीकडे अंगठा, त्यामुळे मला विचार करावा लागत नसे, चेंडू जाईल तिथे माझी बोटं जात. पुढेपुढे मी न बघता नुसत्या दाबण्याच्या वजनावरून त्याला सगळं सांगायला लागले. हलकं म्हणजे जमिनीवरून, जड म्हणजे उंच, बोटाच्या मुळाशी म्हणजे जवळ, नखाशी म्हणजे कुंपणापर्यंत. त्याला पोटात दुखत असलं की मला हातावरून कळे. त्याचा भाऊ वारला त्या आठवड्यात त्याची बोटं गार होती आणि आवाजात मात्र काही नव्हतं, आवाज तर इतका खुशीत होता की मला राग आला. मैदानात सगळ्यात जास्त फटके जातात ते डावीकडच्या खोल भागात, म्हणजे त्या बोटावर जिथे मार्जची अंगठी आहे. दर सामन्याला दहादा, पंधरादा माझं बोट त्या अंगठीवर. उन्हाळ्यात ती गरम असायची. माझं व्हर्नवर प्रेम होतं का? हा प्रश्न मी स्वतःला दर हिवाळ्यात विचारला, कारण हिवाळ्यात सामने नसतात. होतं. सरळच सांगते. माझा नवरा स्टॅन सहासष्टमध्ये गेला, त्याच्यावरही होतं आणि ते वेगळं होतं, त्यात भांडणं होती, मोजे होते, त्याचं घोरणं होतं. व्हर्नच्या घरी जावं, त्याने माझ्याकडे यावं, असलं काही माझ्या मनात आलं नाही. मला फक्त एप्रिल यायला हवा असायचा. सामना संपला की तो हात उचलून खिशात घाले, मी पुस्तक मिटत असे, आणि खाली गाडीत मार्ज रेडिओ बंद करत असे. डोळ्यांचं तिला माहीत होतं. हाताचं माहीत होतं का, हे मी कधी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर हाताला नाव द्यावं लागलं असतं.

शनिवारी सकाळी मिस क्विग्ली आल्या. त्या कॉलेजातल्या, बेसबॉलच्या बोलीचा कोश करणाऱ्या. जुलैपासून त्या पत्रं पाठवत होत्या. त्यांच्याकडे कार्डांची पेटी होती, प्रत्येक शब्दाला एक कार्ड, त्यावर अर्थ, पहिल्यांदा कधी वापरला, कुठून आला. "मिसेस गोर्नी, तुमच्या स्कोअरबुकांमुळे तारखा तरी नक्की मिळतात," त्या म्हणाल्या, "बाकी सगळे मला गोष्टीच सांगतात. प्रत्येक शब्दाला एक आजोबा असतो." मी चहा ओतत होते, थोडा बशीत सांडला. "करंगळीला, पहिल्यांदा?" "चौदा जून अडुसष्ट. सातवी इनिंग." "आणि आजोबांची गोष्ट तुम्हाला कधी कळली?" "पंधरा जूनला." त्यांनी पेन्सिल थांबवली. हुशार बाई. "मला एक खटकतं," त्या म्हणाल्या, "मिस्टर हार्टलेब सेहेचाळीस वर्षांचे होईपर्यंत रोज डावीकडे-उजवीकडे म्हणत होते. लहानपणचं असतं तर आधीच तोंडात आलं असतं, नाही का?" मी म्हणाले, "माणसाला काय कधी आठवेल सांगता येतं का?" "तुम्ही त्यांच्या शेजारीच होतात ना?" "होते." कार्डावर 'कुठून आला' या रकान्यात त्यांनी फक्त आजोबा लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. ते चिन्ह मला दिवसभर सलत राहिलं. मला वाटे, खरं सांगितलं तर लोक म्हणतील, अकरा वर्षं आंधळ्याने आम्हाला फसवलं. किंवा म्हणतील, अच्छा, टेबलाखाली हे चाललं होतं होय! यातलं कुठलंच खरं नव्हतं आणि दोन्ही खरं होतं. संध्याकाळी मी आरशासमोर बसून केसांना रोलर लावले आणि एक दिवस निभू दे, एकच दिवस, असं मनात म्हणत राहिले.

रविवारी मी दोन तास आधी गेले. झेंडा टेबलावरून खाली सोडला, टाचण्या मारल्या, खोकं ठेवलं, टॉवेल ठेवला. दुपारचा सामना होता, ऊन चांगलं होतं. मग कॅमेरावाला आला, दाढीवाला, च्युइंगगम चघळणारा, आणि म्हणाला, "बाई, ती खुर्ची उचला. डाव्या कोपऱ्यातूनच चेहरा नीट येतो. तुम्ही त्या बाजूला बसा." मी म्हटलं, "मी नेहमी इथे बसते." "आज तिथे." "मी अकरा वर्षं—" "बाई, कॅमेरा भिंतीत घुसत नाही ना!" डिनिकोला आत डोकावला, "काय झालं? खुर्चीवरून भांडताय होय? या वयात?" आणि हसत निघून गेला. मी व्हर्नच्या उजव्या बाजूला गेले. त्याला कळलं तेव्हा राष्ट्रगीत सुरू होत होतं. उभ्या उभ्या तो ओठ न हलवता पुटपुटला, "उजवा हात देतो. करंगळी म्हणजे मैदानाची डावी रेघच. नावं बदलायची नाहीत." "हो." "विसरशील." "विसरत नाही." बसल्यावर मी पेन्सिल उजव्या हातात घेतली, सिस्टर्सची फूटपट्टी आठवली, आणि डावा हात झेंड्यामागे टॉवेलवर नेला. तिथे एक अनोळखी हात होता. व्हर्नचाच, पण मी त्याला कधी शिवले नव्हते. बोटं जाडी, एका नखावर चीर, आणि अंगठी नाही. पालथ्या उजव्या पंज्यावर सगळं उलटं पडतं, डावीकडे अंगठा आणि उजवीकडे करंगळी. प्रत्येक फटक्याला मी आधी मनात नाव म्हणत होते, मग बोट शोधत होते. पाच इनिंग तशा निभावल्या. व्हर्न किंचित उशिरा बोलत होता, पण ते माझ्याच कानाला कळत होतं. कॅमेऱ्याचा लाल दिवा आमच्या तोंडावर.

सहाव्या इनिंगमध्ये दोन-दोन अशी बरोबरी होती आणि आमचे दोघे बेसवर. टिलमन बॅट घेऊन आला. आवाज झाला, कोरडा, चांगला. चेंडू उजव्या रेघेवरून सुसाट खबदाडाकडे निघाला आणि मी मनात नाव म्हणायच्या आधी, अकरा वर्षांच्या सवयीने, माझा हात उजवीकडच्या टोकाच्या बोटावर जाऊन जोरात दाबून मोकळा झाला. ती करंगळी होती. "करंगळीला!" व्हर्न गर्जला. "करंगळीला गेला, कुंपणाला लागला, पळा रे पळा!" खाली हजारो माणसांनी, कानाशी ट्रान्झिस्टर, करंगळ्या वर केल्या आणि डावीकडे पाहिलं. डावीकडे काही नव्हतं. आमचे दोघे धावून घरी आले तेव्हा कुणी ओरडलं नाही, कारण अर्धी माणसं चेंडू शोधत होती आणि अर्धी आपल्या करंगळीकडे बघत होती. मग हसू फुटलं, आधी इकडून तिकडून, मग सगळीकडून. "व्हर्न, चष्मा पूस रे!" खालून कुणीतरी ओरडलं. मला त्या हातातून जाणवलं की त्याला कळलं. बोटं गार पडली. काचेपलीकडे डिनिकोला हातवारे करत होता, बोला, बोला. व्हर्न बोलत नव्हता. एक, दोन, तीन सेकंद. मला वाटलं मी आत्ता इथे मरून जावं. माझ्यामुळे, शेवटच्या दिवशी, माझ्या एका बोटामुळे.

"डोलोरेस," व्हर्न म्हणाला. माइक चालू होता. "कुठे गेला गं?"

माझा आवाज रेडिओवर कधी गेला नव्हता. "उजवीकडे," मी म्हणाले. "अंगठ्याला. चूक माझी. मी भलतंच बोट दाबलं."

"ऐकलंत, मंडळी?" व्हर्नचा आवाज नेहमीसारखाच होता, जाहिरातीनंतर परत येतो तसा. "मला चेंडू दिसत नाही. अडुसष्टपासून दिसत नाही. माझ्या आजोबांनी द्राक्षं लावली, बेसबॉल त्यांच्या बापानेही पाहिला नव्हता. चेंडू कुठे गेला ते ही बाई माझ्या बोटांवर दाबून सांगते, आणि जे बोट दुखेल त्याचं नाव मी तुम्हाला सांगतो. करंगळी, अंगठा, सगळं हिचं. नाव डोलोरेस गोर्नी. आज तिची खुर्ची हलवलीय म्हणून घोटाळा झाला, तिला बोल लावू नका. टिलमन कुठवर पोचला, डोलोरेस?" "तिसऱ्या बेसवर." "तिसऱ्यावर टिलमन. चार-दोन. आपण पुढे."

अशा वेळी काय करावं हे लोकांना कळत नाही. मग उजवीकडच्या गॅलरीतून कुणी अंगठा वर केला, मग दुसऱ्याने, आणि बघता बघता सगळं स्टेडियम अंगठे वर करून उभं राहिलं, निम्म्यांचे उजवे, निम्म्यांचे डावे. मी व्हर्नला सांगितलं. "वेडे आहेत," तो माइकवरच म्हणाला, आणि त्याने रुमाल काढला. काचेपलीकडे डिनिकोला खुर्चीत बसला होता, एका हातात फोन आणि दुसरा डोक्यावर. मला हलकं वाटायला हवं होतं. सुटलो, कुणी दगड मारले नाहीत, कुणी काही म्हटलं नाही. पण व्हर्न आता तोंडाने विचारत होता. "कुठे?" "अंगठीचा शेजारी." "कुठे?" "करंगळीला, रेघेबाहेर." लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळे हातही लागणार नव्हता. हे माझ्या लक्षात यायला दोन फटके जावे लागले. त्याने तो टॉवेलवरून उचलला, टेबलावर ठेवला, कॉफीचा कप धरला. सहज, उकाड्यात माणूस कोट काढून ठेवतो तसा. मी टॉवेलवर माझा हात तसाच ठेवला थोडा वेळ. कुणी बघत नव्हतं, मधे झेंडा होता. मग मला लाज वाटली आणि मी तो मांडीवर घेतला.

नवव्या इनिंगमध्ये दोघे बाद, समोरच्यांचा शेवटचा खेळाडू, आणि व्हर्नचं शेवटचं काम. माझ्या मनात आलं, सरळ जाऊ दे, कुठेही जाऊ दे, डावीकडच्या खोल भागात नको. आवाज आला, उंच, जड. चेंडू उन्हात गेला आणि डावीकडे कलला. "कुठे?" व्हर्नने विचारलं. मला ते म्हणता येईना. अकरा वर्षं मी ते हजारो वेळा बोटाने म्हटलं होतं आणि तोंडाने एकदाही नाही, आणि खाली गाडीत मार्ज ऐकत होती. "डोलोरेस, कुठे गं?" "अंगठीला," मी म्हणाले. माझा आवाज मधेच चिरकला. असा चिरकला की ज्याला कळायचं त्याला कळलंच असणार, गावात तिखट कानाची माणसं कमी नाहीत. व्हर्न पुढे बोलला नाही. तो ओळी तयार ठेवणारा माणूस, शेवटासाठी त्याने काहीतरी घोकलं असणार. पण तो नुसता माझ्याकडे, म्हणजे माझ्या टोपीकडे, तोंड करून बसला, आणि रेडिओवर शांतता पसरायला लागली, तेव्हा मीच बोलले. "अजून वर आहे. खाली येतोय. तो थांबलाय त्याच्याखाली. झेलला. संपला सामना." एवढं बोलून मी माइकचं बटण खाली दाबलं, लाल दिवाही विझला, आणि दाढीवाला म्हणाला, "झकास." मी म्हणाले, "तू गप रे."

मार्ज वर आली तेव्हा आम्ही तसेच बसलो होतो. ती कधी वर येत नसे. बुटकी बाई, पांढरे केस आखूड कापलेले, हातात गाडीच्या किल्ल्या, धाप लागलेली. मी उठून उभी राहिले. काय म्हणायचं ते मी जिन्यावर पावलं वाजल्यापासून जुळवत होते. "मार्ज, मी तुला—" "तुला इकडच्या बाजूला कुणी बसवलं?" तिने विचारलं. "कॅमेरावाल्याने." तिने दाढीवाल्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तो तारा गुंडाळायला लागला. मग ती व्हर्नच्या उजवीकडे आली, मला हलकेच बाजूला सारून, त्याचा उजवा हात उचलून तिने आपल्या दंडावर ठेवला, न बघता, आणि तो हात तिथे नेहमीच्या जागी बसला. "उजवा माझा गं, डोलोरेस," ती म्हणाली. "घरात, चर्चमध्ये, जिन्यावर, डॉक्टरकडे. उजवीकडे मी असते. तो तुला कसा जमणार होता?" तिच्या आवाजात राग नव्हता. उलट माझी चूक तिला आधीपासून दिसत असावी, असा काहीसा तो आवाज होता. व्हर्न मान खाली घालून उभा होता, पकडलेल्या पोरासारखा, आणि त्याचा डावा हात खिशात न जाता मोकळा लोंबत होता. मी स्कोअरबुक मिटलं. पेन्सिल सापडेना म्हणून टेबलाखाली पाहिलं, झेंडा उचलला, खोकं, टॉवेल, सगळं तिच्यासमोर उघडं पडलं. तिने ते पाहिलं, आणि किल्ल्या दातात धरून पर्स खांद्याला अडकवली.

"आता उभी काय राहिलीस?" किल्ल्या तोंडातून काढत मार्ज म्हणाली. "जिना उभा आहे आणि मला एकटीला हा माणूस झेपत नाही. तुझी बाजू धर."

मी स्कोअरबुक काखेत मारलं आणि डावीकडे गेले.